ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५ : गुणांचा हिशेब चोख, पैशाचा अर्धवट

अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांमध्ये खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलवरचा हा व्हिडिओ गेम १९ जुलै २०२४ रोजी बाजारात आला, तेव्हा या मालिकेतील आधीचा भाग येऊन अकरा वर्षे उलटली होती. एवढा खंड का पडला याचे उत्तर खेळाच्या मैदानावर नसून न्यायालयात आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस एवढ्याच यंत्रांवर चालतो. संगणकावर तो नाही. त्यामुळे आमच्या भागात तो खेळायचा तर प्लेस्टेशन ५ असलेला गेम झोन गाठण्यावाचून इलाज नाही. टेक्सासमध्ये नोकरीला असलेल्या पुतण्याने दिवाळीला येताना डिस्क आणली, ती मी दिग्रसच्या एका गेम झोनच्या मालकाकडे ठेवायला दिली, आणि तेव्हापासून आमच्या महाविद्यालयातील कबड्डीची मुले सराव आटोपला की तिथे जमतात. मी त्यांचा क्रीडा शिक्षक असल्याने माझेही जाणे होते. हे परीक्षण त्या बैठकींवरून लिहिले आहे.

ज्यांनी मूळ खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की मैदान शंभर यार्ड लांब असते, त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन असतो, चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, आणि चेंडू घेऊन समोरच्या एंड झोनमध्ये शिरले की टचडाउनचे सहा गुण मिळतात. लाथेने चेंडू खांबांमधून पार केला तर फील्ड गोलचे तीन. टचडाउननंतर तीन यार्डांवरून एक जादा प्रयत्न मिळतो, त्यात लाथ मारून एक गुण घ्यावा किंवा पुन्हा एंड झोन गाठून दोन. दोन गुणांची ही सोय कॉलेज फुटबॉलमध्ये १९५८ साली आली. व्यावसायिक एनएफएलने ती स्वीकारायला १९९४ साल उजाडले. इथवरचा हिशेब मुलांनी दोन-तीन सामन्यांत आत्मसात केला. गेमचे खरे सामर्थ्य त्यापुढच्या, क्वचित वाट्याला येणाऱ्या गुणांमध्ये आहे, कारण पाहताना जे नियम डोक्यावरून जातात ते स्वतःच्या हातात कंट्रोलर असताना पटकन उमजतात.

उदाहरणार्थ सेफ्टी. आमचा एक कोपरारक्षक मुलगा बचाव सांभाळत होता. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा चेंडूफेक्या गडी, आपल्याच एंड झोनमध्ये मागे मागे सरकत होता, तिथेच त्याला या मुलाच्या खेळाडूने पाडले आणि फलकावर दोन गुण चढले. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, बॉल त्याईच्यापाशी होता, मंग पॉइंट आपल्याले कायचे भेटले?” मी म्हणालो, “अरे, त्याच्याच घरात पकड केली ना तू त्याची.” पकड म्हटल्याबरोबर त्याला सगळे समजले, इतकेच नव्हे, तर पुढची किकही समोरच्यांनाच मारावी लागते, म्हणजे गुणही गेले आणि चेंडूही गेला, हे पाहून तो बेहद्द खूश झाला. काही दिवसांनी त्यानेच एका सामन्याच्या अखेरीस मुद्दाम सेफ्टी दिली. पाच गुणांची आघाडी होती, चेंडू स्वतःच्या एंड झोनपाशी अडकला होता, तिथून किक अडवली गेली असती तर टचडाउन बसून सामना गेला असता. त्याऐवजी दोन गुण सोडून त्याने वेळ खाल्ला आणि वीस यार्डांवरून मोकळी किक मिळवली. हा शहाणपणा मी शिकवलेला नव्हता.

त्याहून दुर्मीळ आहे ती एक गुणाची सेफ्टी. जादा प्रयत्नाच्या वेळी किक अडवली गेली, बचाव करणाऱ्या संघाने चेंडू उचलला, तो स्वतःच्याच एंड झोनमध्ये मागे नेला आणि तिथे पाडला गेला, तर चढाई करणाऱ्या संघाला एक गुण द्यावा असे नियम सांगतो. २००४ साली टेक्सास विरुद्ध टेक्सास ए अँड एम या सामन्यात असे घडले. ३ जानेवारी २०१३ च्या फिएस्टा बोल या सामन्यात कॅन्सस स्टेटने ऑरेगॉनची किक अडवली आणि मग स्वतःच्याच खेळाडूच्या घाईमुळे ऑरेगॉनला तो गुण बहाल केला. याउलट, १९८८ पासून बचाव करणाऱ्या संघाने जादा प्रयत्नातला चेंडू हिसकावून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळवला तर त्याला दोन गुण मिळतात. नियमाचा धागा आणखी ताणला तर बचाव करणाऱ्यालाही एक गुणाची सेफ्टी मिळू शकते. त्यासाठी चढाई करणाऱ्या संघाने तीन यार्डांवरून उलटे फिरून नव्वदहून अधिक यार्ड मागे पळायचे आणि आपल्याच एंड झोनमध्ये पडायचे, एवढे करावे लागेल. तेव्हा संपूर्ण सामन्यात केवळ एक गुण घेऊन हरण्याची वाट कागदावर खुली आहे. आमच्या मुलांनी हे कळल्यावर मुद्दाम उलटे पळून पाहिले, पण चेंडू घेतलेल्या गड्याला मध्यरेषेपलीकडे कोणी जाऊ दिले नाही. गेममध्ये एक गुणाची सेफ्टी आम्हाला अद्याप पाहायला मिळालेली नाही, आणि ती मिळावी म्हणून जो वेळ खर्ची पडला त्याचे तासाचे भाडे मीच भरले आहे.

बरोबरी झाल्यावरचा जादा खेळ हा मात्र या गेमचा सर्वांत देखणा भाग आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये १९९६ पासून दोन्ही संघांना आळीपाळीने पंचवीस यार्डांवरून चढाई मिळते. २०१८ साली टेक्सास ए अँड एम आणि लुइझियाना स्टेट (एलएसयू) यांचा सामना अशा सात फेऱ्या चालून ७४–७२ वर संपला, खेळाडूंची अक्षरशः दमछाक झाली, आणि नियमकर्त्यांना जाग आली. आता दुसऱ्या फेरीत टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो आणि तिसऱ्या फेरीपासून चढाई बंद होऊन तीन यार्डांवरून फक्त दोन गुणांची एकेक खेळी उरते. हा नियम २०२१ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला इलिनॉय विरुद्ध पेन स्टेट सामन्याने त्याची परीक्षा घेतली. १०–१० ची बरोबरी, पहिल्या दोन फेऱ्यांत दोघांचे एकेक फील्ड गोल, मग तिसऱ्यापासून सातव्या फेरीपर्यंत दोघांच्याही हाती भोपळा, आठव्यात दोघेही यशस्वी, आणि नवव्या फेरीत इलिनॉयची २०–१८ अशी सुटका. गेममध्ये अशा फेऱ्या सुरू झाल्या की तीन यार्डांसाठी कोणती खेळी निवडायची यावर मुलांची जी वादावादी होते, ती ऐकण्यासाठी बाजूच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातील गिऱ्हाईकही आत येऊन उभे राहते.

अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीला हाइजमन हे नाव दिले आहे. ते कॉलेज फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक पारितोषिकाचे नाव, आणि पारितोषिकाला ते जॉन हाइजमन या प्रशिक्षकावरून मिळाले. या गृहस्थांनी ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटात जॉर्जिया टेकच्या संघाकडून कंबरलँड महाविद्यालयाचा २२२–० असा पराभव करवला. कंबरलँडने खरे तर फुटबॉल बंदच केला होता. पण सामन्याचा करार आधी झालेला होता, न आल्यास ३,००० डॉलर दंड होता, आणि आल्यास ५०० डॉलर मिळणार होते. म्हणून काही विद्यार्थी गोळा करून त्यांनी आगगाडी पकडली. मध्यंतरालाच १२६–० झाले होते, मग उरलेला खेळ आवरता घेण्यासाठी वेळ कमी करण्यात आली. आजच्या नियमपुस्तकाप्रमाणे जो संघ सामना सोडून देतो त्याचा पराभव १–० असा नोंदवला जातो. फलकावरची अब्रू वाचवायची तर ३,००० डॉलर आणि ती घालवायची तर ५०० डॉलरची कमाई, असा तो व्यवहार होता. विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये पैसा अलीकडे शिरला असे म्हणणाऱ्यांनी हा करार अवश्य लक्षात घ्यावा.

मैदानांची उभारणी उत्कृष्ट आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे, म्हणजे नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमच्या दुपटीहून अधिक, आणि ते एका विद्यापीठाच्या मालकीचे आहे. परक्या मैदानावर प्रेक्षकांचा गलका वाढला की गेममध्ये पडदा थरथरतो आणि खेळीच्या आखलेल्या रेषा नागमोडी होऊन वाचता येईनाशा होतात. ही कल्पना मला फार आवडली. पहिल्यांदा पडदा हलला तेव्हा गेम झोनच्या मालकाने उठून स्टॅबिलायझर तपासला, मग इन्व्हर्टरच्या वायरी हलवून पाहिल्या. शेतीची लाइन आल्यावर व्होल्टेज पडते हा आमच्याकडचा रोजचा अनुभव असल्याने त्याला दोष देता येणार नाही. समालोचन अर्थातच इंग्रजीत असून ते वेगाने चालते. आमच्या मुलांनी त्याचा आवाज कमी करून विद्यापीठांच्या बँडपथकांचा आवाज वाढवून ठेवला आहे, आणि एका पथकाचा ठेका तर गणपतीच्या मिरवणुकीत वाजवण्याची त्यांची तयारी झाली आहे.

आता व्यवसायाकडे येतो. डायनॅस्टी या प्रकारात खेळणारा प्रशिक्षक बनतो, तीस हंगामांपर्यंत एखादे विद्यापीठ चालवतो, शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे वळवतो आणि दरवर्षी ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, उघडले की आपले खेळाडू दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून धडपडतो. मुलांना हेरण्यासाठी आठवड्याला एकूण ठरावीक तास मिळतात, ते कोणावर खर्च करायचे हे ठरवावे लागते. विद्यापीठाला चौदा निकषांवर श्रेणी दिलेली असते: खेळायची संधी, परंपरा, स्टेडियमचे वातावरण, शिक्षणाची प्रतिष्ठा, व्यायामशाळा व सुविधा, घरापासूनचे अंतर, प्रशिक्षकाचे स्थैर्य इत्यादी. मुलाला यांपैकी ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात त्या आपल्याकडे चांगल्या असतील तर तो येतो. रचना इतकी मन गुंतवणारी आहे, की आमची मुले सामना न खेळता तासभर केवळ भरतीच करत बसतात.

परंतु या चौदा निकषांत पैसा कुठेही नाही. ‘ब्रँड एक्स्पोजर’ नावाचा एक निकष आहे, त्याच्या आडून पैशाची सावली तेवढी दिसते. प्रत्यक्षात १ जुलै २०२१ पासून अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा आणि ओळख वापरून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि खेळाडू विद्यापीठ बदलताना पहिला विचार त्याच कमाईचा करू लागले. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार तर विद्यापीठेच आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५–२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे सुमारे पावणेदोनशे कोटी रुपये आहे. ज्या भरतीचे सगळे गणित आज या रकमेभोवती फिरते, ती भरती गेममध्ये परंपरा आणि घरापासूनच्या अंतरावर चालते. गुणफलकाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला गेम इथे डोळे मिटून घेतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

ही तक्रार अधिक बोचते याचे कारण गेमच्या स्वतःच्या इतिहासात आहे. यूसीएलए या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने एका मित्राच्या घरी याच कंपनीच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या गेममध्ये स्वतःला पाहिले. नाव नव्हते, पण तोच ३१ क्रमांक, तेच तुळतुळीत डोके, तोच डावखुरा हात. त्यासाठी त्याला कोणी एक डॉलरही दिलेला नव्हता. २००९ मध्ये त्याने महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था एनसीएए हिच्यावर दावा लावला, २०१३ मध्ये एनसीएएने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि फुटबॉलचा गेमही थांबला. पुढे गेम कंपनी आणि परवाने देणारी संस्था यांनी ४ कोटी डॉलर देऊन आपला भाग मिटवला. म्हणूनच २०२४ मध्ये गेम परतला तेव्हा खेळाडूंची नावे रीतसर विकत घेतलेली होती: प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत, आणि दहा हजारांहून अधिक खेळाडूंनी होकार दिला. ६०० डॉलर म्हणजे सुमारे पन्नास हजार रुपये. आमच्या मुलांना ही रक्कम पुष्कळ वाटली आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही, तरी राखीव बाकावरच्या अनोळखी मुलालाही तेवढेच आणि ज्याच्यामुळे स्टेडियम भरते त्यालाही तेवढेच, या हिशेबात गेम विकणाऱ्याची सोय अधिक दिसते.

गंमत अशी, की या पंचवीसच्या भागात खेळाडू खरे असले तरी प्रशिक्षक खोटे आहेत, कारण त्यांचे परवाने घेतलेले नव्हते. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारा माणूस हा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. जॉर्जियाचे कर्बी स्मार्ट वर्षाला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर घेतात, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना मुदतीआधी घरी पाठवण्यासाठी सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर मोजण्याचे कबूल केले. खेळवण्यासाठी नव्हे, न खेळवण्यासाठी. ज्यांच्याकडे एवढा पैसा जातो तेच पडद्यावरून गायब, आणि मैदानाच्या कडेला कोणीतरी टोपीवाला अनोळखी इसम हातवारे करतो आहे, हे दृश्य पहिल्या काही सामन्यांत खटकते. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘२६’ या पुढच्या भागात तीनशेहून अधिक खरे प्रशिक्षक घातले गेले आहेत.

परिषदांचा म्हणजे कॉन्फरन्सचा नकाशा मात्र गेमने प्रामाणिकपणे दाखवला आहे. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून हे हक्क विकण्याचे काम परिषदांकडे गेले आणि परिषद म्हणजे शेजारी विद्यापीठांचा समूह ही व्याख्या हळूहळू निकालात निघाली. बिग टेन या परिषदेने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. बारा विद्यापीठांच्या पॅक-१२ मधून दहा जणांनी काढता पाय घेतला आणि ऑरेगॉन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट अशी दोनच उरली. परिणामी लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला न्यू जर्सीच्या रटगर्सशी परिषदेतला सामना खेळायला देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे लागते, आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत जाऊन बसले आहे. गेममध्ये हे सगळे जसेच्या तसे आहे, आणि परिषदा आपल्या मनाप्रमाणे पुन्हा बांधण्याची सोयही आहे. मी जुनी पॅक-१२ परत उभी करून ठेवली आहे.

अल्टिमेट टीम या प्रकाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची तेवढीच योग्यता आहे. त्यात खेळाडूंची पत्ती गोळा करून संघ बांधायचा असतो, पत्त्यांची पाकिटे खऱ्या पैशाने घेता येतात आणि पाकिटातून काय निघेल ते नशिबावर असते. त्यासाठी इंटरनेट लागते. आमच्याकडे ते दुपारनंतर रडतखडत चालते, ही गैरसोय या एका बाबतीत आशीर्वाद ठरली. ज्यांच्या घरी मुले यूपीआयचा पिन जाणतात त्यांनी हा भाग उघडूच देऊ नये.

प्रथमच खेळणाऱ्यांनी फ्रेशमन या सर्वांत सोप्या पायरीवर दोन कंट्रोलर घेऊन समोरासमोर सुरुवात करावी. खऱ्या सामन्यात क्वार्टर पंधरा मिनिटांचे असते, ते पाच मिनिटांवर आणले तर तासाच्या भाड्यात एक सामना पुरा होतो. एकट्याने डायनॅस्टी चालवायची असेल तर इंटरनेटवाचूनही ती चालते. मात्र अलाबामा किंवा जॉर्जियासारखा बलाढ्य संघ घेऊ नये, त्यात भरतीची गंमत कळतच नाही. माझी शिफारस अ‍ॅपलेशियन स्टेटची आहे. २००७ साली हे विद्यापीठ खालच्या श्रेणीत असताना मिशिगनने त्यांना घरच्या मैदानावर सहज जिंकता येईल असा पाहुणा म्हणून ४ लाख डॉलर देऊन बोलावले होते, आणि पाहुण्यांनी ३४–३२ असा सामना जिंकून वर ते पैसेही घरी नेले. डायनॅस्टीत परिषदेबाहेरचे सामने हंगामापूर्वी बदलता येतात, तेव्हा वेळापत्रकात मिशिगनची जागा करून घ्यावी.